आधी पाणी वेगळे, मग मेम्ब्रेन : धुलाईच्या सांडपाण्यातून डिटर्जंट कसे काढायचे

टॉवेल किंवा चादरीचे सूत रिअॅक्टिव्ह रंगात रंगवून झाले, की पाण्याचा खरा खर्च सुरू होतो. आधी मीठ उतरवायचे, अॅसिटिक आम्लाने सामू ताळ्यावर आणायचा, मग ९०–९५ अंशांवर सोपिंग, म्हणजे सुताला पक्का न बसलेला रंग डिटर्जंटने काढणे, त्यानंतर गरम धुणी, थंड धुणी आणि शेवटी सॉफ्टनर. सोलापुरात हे पाणी उजनीचे असो, बोअरचे असो वा टँकरचे, उन्हाळ्यात त्याची किंमत प्रत्येक प्रोसेस हाऊसला माहीत आहे. म्हणून 'हेच पाणी मेम्ब्रेनमधून, म्हणजे अतिबारीक भोकांच्या पडद्यातून, गाळून परत वापरता येईल का?' असा प्रश्न येतो आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा: 'कोणते मेम्ब्रेन घ्यावे?'

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भोकांच्या मापात शोधले जाते. तिथेच बहुतेक प्लांट फसतात. डिटर्जंट मेम्ब्रेनवर अडेल की नाही, हे तीन गोष्टींवर ठरते: त्याचे रेणू पाण्यात सुटे आहेत की गठ्ठ्यात, त्यांच्यावर विद्युतभार कोणता आहे, आणि त्यांच्यासोबत पाण्यात आणखी काय मिसळले आहे. या तिन्हींची उत्तरे मिळाली, तर मेम्ब्रेन निवडणे अर्ध्या तासाचे काम आहे.

सुटा रेणू आणि गठ्ठा

डिटर्जंटच्या प्रत्येक रेणूला दोन बाजू असतात. एका टोकाला पाणी आवडते, दुसरे तेलकट, लांब शेपटीचे टोक पाण्यापासून पळते. पाण्यात थोडेच डिटर्जंट असेल, तर हे रेणू सुटे फिरतात किंवा पृष्ठभागावर जाऊन बसतात. फेस येतो तो त्यामुळेच. प्रमाण वाढवत नेले, की एका ठराविक पातळीनंतर शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशी त्यांची गोल गठडी बांधली जाते. या गठडीला मायसेल म्हणतात. ज्या प्रमाणापासून मायसेल बनू लागतात, त्याला 'क्रिटिकल मायसेल कॉन्सन्ट्रेशन', म्हणजे सीएमसी म्हणतात. प्रत्येक डिटर्जंटची सीएमसी वेगळी असते.

सोडियम लॉरिल सल्फेट हे सर्वांत जास्त अभ्यासलेले उदाहरण. त्याच्या रेणूचे वजन २८८. शुद्ध पाण्यात २५ अंशांवर त्याची सीएमसी लिटरमागे सुमारे २.३ ते २.४ ग्रॅम. एका मायसेलमध्ये साधारण ६० रेणू असतात, म्हणजे गठ्ठ्याचे वजन १७–१८ हजार. आता १०,००० वजनाच्या रेणूंना अडवणारे अल्ट्राफिल्ट्रेशन मेम्ब्रेन समोर ठेवा. गठ्ठा अडतो, सुटा रेणू आरामात पार होतो. ज्वारी चाळणीतून जाते, कणीस वरच राहते, तसेच हे.

इथून एक महत्त्वाची गोष्ट निघते आणि ती कॅटलॉगमध्ये सहसा लिहिलेली नसते. मायसेल अडले तरी त्यांच्याबरोबर पाण्यात सुटे रेणूही असतातच आणि त्यांचे प्रमाण जवळजवळ सीएमसीइतके असते. म्हणून लॉरिल सल्फेटचे कितीही दाट पाणी अल्ट्राफिल्ट्रेशनमधून काढा, पलीकडे लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास डिटर्जंट येणारच. आणि मूळ पाण्यातच प्रमाण सीएमसीखाली असेल, तर मेम्ब्रेन जणू नाहीच, जवळजवळ सगळे पार.

धुलाईच्या सांडपाण्यात प्रमाण किती असते? २०० किलो टॉवेल, १:८ लिकर रेशो, म्हणजे किलोमागे ८ लिटर पाणी धरले, तर सोपिंगचे पाणी १,६०० लिटर. लिटरला १ ग्रॅम सोपिंग एजंट टाकला आणि त्यातला सक्रिय भाग ३० टक्के असला, तर पाण्यात सक्रिय डिटर्जंट ४८० ग्रॅम, म्हणजे लिटरला ३०० मिलिग्रॅम. पुढच्या प्रत्येक धुणीत ते झपाट्याने उतरते. सगळी पाणी एकत्र टाकीत आली, की दहा-वीसपासून शंभरच्या आसपास मिलिग्रॅम उरते. कपड्यांच्या पावडरीत सर्रास असणाऱ्या लिनिअर अल्किलबेन्झिन सल्फोनेटची, म्हणजे एलएएसची सीएमसी शुद्ध पाण्यात लिटरला ४००–५५० मिलिग्रॅमच्या घरात आहे. म्हणजे एकत्र सांडपाण्यात ते बहुतांश सुटेच असते. नुसत्या अल्ट्राफिल्ट्रेशनने ते निघेल, ही अपेक्षा चुकीची आहे.

दोन गोष्टी हा हिशेब हलवतात. मीठ असले की सीएमसी खाली येते; आयनिक, म्हणजे भार असलेल्या डिटर्जंटच्या बाबतीत अनेक पटींनी. लॉरिल सल्फेटचीच सीएमसी ०.१ मोलर मिठात (लिटरला सुमारे ६ ग्रॅम) शुद्ध पाण्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास येते. आणि नॉन-आयनिक, म्हणजे भार नसलेल्या प्रकारांची सीएमसी मुळातच फार कमी असते. बऱ्याच अल्कोहोल इथॉक्सिलेटची लिटरला काही दहा मिलिग्रॅम इतकीच. नॉन-आयनिक डिटर्जंट अल्ट्राफिल्ट्रेशनवर बरेच अडते ते म्हणूनच. पण त्याच मेम्ब्रेनला ते चिकटते कसे, ते पुढे येईलच.

भोके, दाब आणि भार

मायक्रोफिल्ट्रेशनची भोके ०.१ मायक्रॉन आणि त्याहून मोठी. ती टॉवेलचा बारीक लिंट (सुटलेले तंतू) आणि गढूळपणा अडवतील, डिटर्जंट नाही. अल्ट्राफिल्ट्रेशन साधारण २ ते १०० नॅनोमीटर, दाब १ ते ५ बार. नॅनोफिल्ट्रेशन सुमारे १ नॅनोमीटर, म्हणजे २०० ते १,००० वजनाचे रेणू अडवणारे. दाब साधारण ५ ते १५ बार. त्यापुढे आरओ, म्हणजे रिव्हर्स ऑस्मोसिस. खाऱ्या पाण्याच्या साध्या आरओला १० ते २५ बार लागतात आणि मीठ वाढेल तसा दाब वाढतो.

एलएएसच्या रेणूचे वजन साधारण ३४०. नॅनोफिल्ट्रेशनसाठी हा आकार काठावरचा आहे, तरी तो चांगला अडतो. कारण नॅनोफिल्ट्रेशन आणि आरओची मेम्ब्रेन बहुधा पॉलिअमाइडची असतात, आणि बहुतेक पॉलिअमाइड मेम्ब्रेनच्या पृष्ठभागावर उदासीन ते अल्कधर्मी पाण्यात ऋण भार असतो आणि एलएएसवरही ऋण भार असतो. दोघे एकमेकांना दूर ढकलतात. पाण्यात मीठ वाढले की हे ढकलणे झाकले जाते आणि भाराच्या बळावर मिळणारी अडवणूक ढिली पडते.

रंगाची मूळ आंघोळ, म्हणजे ज्या पाण्यात रंगाई झाली ते पाणी, म्हणूनच धुणीच्या पाण्यात मिसळू नये. रिअॅक्टिव्ह रंगाईत लिटरला ४० ते ८० ग्रॅम मीठ पडते. ५० ग्रॅम साध्या मिठाचा परासरण दाब सुमारे ४० बार होतो. त्या पाण्यावर साधा आरओ थेंबभरही पाणी सोडणार नाही. तेच पाणी धुणीच्या पाण्यात ओतले, तर धुणीचे स्वच्छ होऊ शकणारे पाणीही महाग होते.

सॉफ्टनरचे पाणी वेगळ्या गटारात

या लेखातील एकच गोष्ट अमलात आणायची असेल, तर ही आणा.

टेरी टॉवेलला मऊपणा देणारे सॉफ्टनर बहुधा कॅटायनिक असते, म्हणजे धन भाराचे. सोबत अमिनो सिलिकॉनही येते. सुताच्या ऋण भारावर ते पक्के बसावे, यासाठीच ते तसे बनवलेले असते. मेम्ब्रेनवरही तोच ऋण भार आहे, म्हणून ते मेम्ब्रेनवरही तितकेच पक्के बसते. भोके बुजतात, पृष्ठभागाचा भार उलटतो आणि प्रवाह पडतो. अल्कली धुणीने थोडे परत मिळते, उरलेले कायमचे जाते.

त्यात भर म्हणजे सोपिंगच्या पाण्यातील ऋण भाराचे डिटर्जंट आणि सॉफ्टनरचा धन भार एकत्र आले, की दोघे जोडीने खाली बसतात. मेणासारखा चिकट साका तयार होतो. तो पाच मायक्रॉनच्या कार्ट्रिजवर बसला तर तुम्ही नशीबवान. कार्ट्रिज बदलता येते. तो पुढे गेला तर एलिमेंट, म्हणजे मेम्ब्रेनची अख्खी गुंडाळी बदलावी लागते.

दिवसभराच्या एकूण पाण्यात सॉफ्टनरच्या पाण्याचा वाटा लहान असतो. त्यामुळे मशिनच्या ड्रेनला दोन-मार्गी व्हॉल्व्ह बसवून ते पाणी थेट ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्लांटच्या, समतोल टाकीकडे नेणे फार खर्चाचे नाही. व्हॉल्व्ह कोणी आणि केव्हा फिरवायचा, हे बॅच कार्डावरच छापा. रात्रपाळीत तोंडी सूचना टिकत नाहीत.

खरे तर पाण्याचे तीन रस्ते हवेत: दाट मिठाची रंगाची आंघोळ, सॉफ्टनरचे पाणी आणि सोपिंग-धुणीचे पाणी. मेम्ब्रेनकडे फक्त तिसरे जावे. तिसऱ्यातही पहिले सोपिंग वेगळे काढता आले तर उत्तम, कारण काढलेल्या रंगाचा आणि डिटर्जंटचा मोठा वाटा त्यातच असतो.

अजून एक तपासणी खरेदीआधी करा. बाजारातले सगळे सोपिंग एजंट डिटर्जंट नसतात. कित्येकांत पॉलिअॅक्रिलेटसारखे पॉलिमर असतात, फेसही कमी येतो. ते मेम्ब्रेनवर सहज अडतात. पुरवठादाराकडून प्रत्येक रसायनाचा तांत्रिक तक्ता मागवा आणि त्यात एकच शब्द शोधा: अॅनायनिक (ऋण भाराचे), नॉन-आयनिक की कॅटायनिक. नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट लिहिलेले असेल तर ते रसायन बदलाच. विघटन होताना त्यातून नोनिलफेनॉल उरते. ते मूळ पदार्थापेक्षा जास्त टिकते आणि जलचरांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करते. युरोपीय संघाने धुता येणाऱ्या कापडी मालात त्याची मर्यादा वजनाच्या ०.०१ टक्के ठेवली आहे आणि ती फेब्रुवारी २०२१ पासून लागू आहे. टॉवेल निर्यात करणाऱ्याला हा नियम पाळावाच लागतो.

दहा हजार लिटरचा हिशेब

समजा रोज १०,००० लिटर धुणीचे पाणी, त्यात एलएएस लिटरला ८० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला ८०० ग्रॅम. नॅनोफिल्ट्रेशन वापरून ७५ टक्के पाणी, म्हणजे ७,५०० लिटर परत मिळवायचे आहे. या टक्केवारीला रिकव्हरी म्हणतात. प्लांट दहा तास चालणार.

ताशी ७५० लिटर परमिएट, म्हणजे मेम्ब्रेनमधून पार झालेले पाणी हवे. सांडपाण्यावर चौरस मीटरला ताशी १५ लिटरच्या वर जाण्याचा मोह टाळा. म्हणजे ५० चौरस मीटर क्षेत्र. ४०४० मापाच्या, म्हणजे ४ इंच व्यासाच्या आणि ४० इंच लांबीच्या एका एलिमेंटमध्ये साधारण साडेसात चौरस मीटर मेम्ब्रेन असते. सात एलिमेंट लागतील. चार आणि तीन अशा दोन नळकांड्यांत, एकामागे एक.

आता प्रवाह. ताजे पाणी ताशी १,००० लिटर. एवढेच सोडले तर शेवटच्या एलिमेंटमधून ताशी फक्त २५० लिटर वाहील. तो वेग मेम्ब्रेनवरचा थर खरवडून नेण्यास पुरत नाही आणि शेवटची एलिमेंट आधी बुजतात. म्हणून रिजेक्टमधले, म्हणजे पार न झालेल्या दाट पाण्यातले ताशी २,००० लिटर पंपाच्या चोषणाकडे परत फिरवायचे. आत जाणार ३,०००, बाहेर येणार २,२५०. त्यातले २५० लिटर बाहेर सोडायचे, बाकी परत.

फिरवल्यामुळे एक परिणाम होतो आणि तो बोलीच्या कागदावर दिसत नाही. मेम्ब्रेनला आता ८० मिलिग्रॅमचे पाणी दिसत नाही, तर दोनशेहून अधिकचे दिसते. कॅटलॉगमध्ये ९५ टक्के अडवणूक लिहिली असली, तरी ती समोरच्या पाण्याच्या हिशेबाने आहे. गणित मांडले तर परमिएटमध्ये ८० च्या ५ टक्के, म्हणजे ४ मिलिग्रॅम येत नाहीत, तर सुमारे १२ येतात. रिजेक्टमध्ये सुमारे २८३. ताळा करून पाहा: ७,५०० लिटरमध्ये ९३ ग्रॅम, २,५०० लिटरमध्ये ७०७ ग्रॅम, बेरीज ८००. प्लांटच्या दृष्टीने अडवणूक ८५ टक्के झाली. विक्रेत्याला 'मेम्ब्रेनची अडवणूक किती' असे न विचारता 'इतक्या रिकव्हरीला परमिएटमध्ये किती मिलिग्रॅम' असे विचारा आणि तेच करारात लिहून घ्या.

१२ मिलिग्रॅमचे पाणी पहिल्या धुणीला चालते. शेवटच्या धुणीला किंवा रंगाच्या आंघोळीला नको. तिथे आरओचा दुसरा टप्पा किंवा ताजे पाणी लागते. पिण्याच्या पाण्याशी तुलना हवी असेल, तर आयएस १०५०० : २०१२ मध्ये अॅनायनिक डिटर्जंटची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.०.

मेम्ब्रेनच्या आधी काय लागते

टॉवेलच्या पाण्यात लिंट फार. १०० ते २०० मायक्रॉनची फिरती जाळी पहिल्या टाकीच्या आधीच हवी. टाकीत गेलेला लिंट दोऱ्यासारखा वळतो आणि पंपाच्या पंख्यात अडकतो. मग समतोल टाकी, निदान आठ तासांची. सामू ७ ते ८. वाळूचा फिल्टर किंवा पोकळ तंतूंचे अल्ट्राफिल्ट्रेशन, मग पाच मायक्रॉनचे कार्ट्रिज. मेम्ब्रेनकडे जाणाऱ्या पाण्याचा सिल्ट डेन्सिटी इंडेक्स, म्हणजे पाणी मेम्ब्रेन किती बुजवेल याचा निर्देशांक, ५ च्या खाली, जमल्यास ३ च्या खाली असावा.

तापमान विसरू नका. पॉलिअमाइड मेम्ब्रेनला साधारण ४५ अंशांची मर्यादा असते. ९० अंशांचे सोपिंगचे पाणी आधी उष्णता विनिमयकातून काढले, तर पुढच्या बॅचचे पाणी तापवण्याचे इंधनही वाचते. सोलापूरच्या मे महिन्यात टाकीवर सावली नसेल, तर नुसते टाकीत ठेवून पाणी पुरेसे थंड होणार नाही. गरम पाणीच गाळायचे असेल तर सिरॅमिक मेम्ब्रेन आहेत. महाग, पण उष्णता आणि तीव्र अल्कली सोसणारी.

हायपोक्लोराइटने ब्लीच केलेल्या मालाचे पाणी येत असेल, तर उरलेला क्लोरीन पॉलिअमाइड खातो. मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या खाली ठेवा. सोडियम बायसल्फाइट टाकून क्लोरीन मारा आणि तो उरला की नाही हे दाखवणारे ओआरपी मीटर लावा. पेरॉक्साइड ब्लीचचे पाणीही असेच निष्प्रभ करून घ्या.

बोअरच्या पाण्याचा प्रश्न वेगळा आहे. दख्खनच्या काळ्या दगडातून येणारे पाणी जड असते आणि त्यात सिलिकाही असते. कॅल्शियम एलएएसशी जुळून बारीक साका करते. मेम्ब्रेन त्याला अडवते खरे, पण तो साका मेम्ब्रेनवरच बसतो. सिलिकाचा हिशेब सरळ आहे: मूळ पाण्यात लिटरला ४० मिलिग्रॅम असेल आणि आरओमध्ये तुम्ही पाणी चारपट दाट केले, तर १६०. २५ अंशांवर साधारण १२० च्या पुढे सिलिका पाण्यात राहायला तयार नसते. ती मेम्ब्रेनवर काचेसारखी बसते आणि नेहमीच्या आम्ल धुणीने निघत नाही. आरओची रिकव्हरी ठरवताना सिलिकाची चाचणी आधी करून घ्या, मग टक्केवारी बोला.

फेस आणि फेसनाशक

टाकीत फेस आला की फेसनाशक ओतायचे, ही सवय ईटीपीत खोलवर आहे. सिलिकॉनचे फेसनाशक मेम्ब्रेनच्या आधी कधीही वापरू नये. ते पृष्ठभागावर तेलासारखे पसरते आणि धुऊन निघणे जवळजवळ अशक्य असते.

फेस मुळातच कमी करता येतो. परत येणाऱ्या पाइपचे तोंड पाण्याच्या पातळीखाली ठेवा. वरून धबधबा पडू देऊ नका. पंपाच्या चोषणाशी पाणी कमी झाले की भोवरा होऊन हवा आत जाते, म्हणून पातळीचा स्विच तिथे हवाच. पंपाच्या सीलमधून हवा ओढली जात असेल, तर फेस टाकीत दिसतो आणि दोष पंपात असतो. तरीही फेस राहिला, तर पाण्याची बारीक फवारणी पुरते.

बुजण्याची लक्षणे आणि धुणी

प्रवाह कमी झाला की दाब वाढवणे हा सर्वांत महागडा उपाय आहे. वरचा थर दाबून घट्ट होतो आणि पुढची धुणी निष्फळ जाते. आधी तापमान पाहा: पाणी एक अंशाने थंड झाले की प्रवाह सुमारे ३ टक्के उतरतो. जानेवारीत सकाळी दिसणारी घट ही कित्येकदा थंडीची असते. म्हणून रोजच्या नोंदी २५ अंशांवर आणून लिहा.

अशी दुरुस्त केलेली नोंद सुरुवातीपेक्षा १० ते १५ टक्के खाली आली किंवा नळकांड्याच्या दोन टोकांतील दाबाचा फरक १५ टक्के वाढला, की धुणी घ्या. २५ टक्क्यांपर्यंत थांबलात, तर आधीचा प्रवाह पुरता परत येईलच असे नाही. सेंद्रिय घाणीसाठी आधी अल्कली: कॉस्टिकने सामू ११ ते १२, उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत, ३० ते ३५ अंश, कमी दाब, अर्धा तास फिरवणे, तासभर भिजवणे, पुन्हा फिरवणे. मग परमिएटने धुऊन २ टक्के सायट्रिक आम्ल, चुन्याच्या थरासाठी. क्रम उलटू नका. काही सेंद्रिय थर आम्लात घट्ट होतात.

कित्येक मेम्ब्रेन उत्पादक अल्कली धुणीत थोडे सोडियम लॉरिल सल्फेट घालायलाच सांगतात, सुमारे ०.०२५ टक्के. यावरून कळते की ऋण भाराचे डिटर्जंट हे पॉलिअमाइड मेम्ब्रेनचे शत्रू नाही. शत्रू आहे कॅटायनिक. नॉन-आयनिक मधले: ते पाणी न आवडणाऱ्या मेम्ब्रेनला, उदाहरणार्थ साध्या पॉलिइथरसल्फोनला चिकटून प्रवाह पाडते; पाणी आवडणाऱ्या पृष्ठभागावर त्रास कमी.

या चिकटण्यामुळे चाचणीतही फसगत होते. नवे मेम्ब्रेन पहिल्या काही तासांत डिटर्जंट शोषून घेते. त्या वेळी घेतलेला परमिएटचा नमुना सुंदर येतो. मेम्ब्रेन भरले की खरे आकडे दिसतात. विक्रेत्याने दुपारी ड्रम लावून संध्याकाळी अहवाल दिला, तर तो घेऊ नका. तेच पाणी, तेच तापमान, चारपट दाटीपर्यंत आणि निदान सलग २४ तास. नमुना शेवटी घ्यायचा.

मोजायचे कसे

टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, डिटर्जंट दिसत नाही. नॉन-आयनिकला भारच नाही, आणि अॅनायनिकचे काही मिलिग्रॅम मिठाच्या आकड्यात हरवतात. प्रयोगशाळेत अॅनायनिकसाठी मिथिलीन ब्लूची चाचणी करतात: निळा रंग डिटर्जंटशी जोडी करून क्लोरोफॉर्ममध्ये उतरतो आणि ६५२ नॅनोमीटरवर त्याची तीव्रता मोजतात. ही चाचणी नॉन-आयनिक पकडत नाही. त्यासाठी कोबाल्ट थायोसायनेटची वेगळी चाचणी असते. अहवालात फक्त मिथिलीन ब्लूचा आकडा असेल आणि तुमच्या सोपिंगमध्ये नॉन-आयनिक असेल, तर तो अहवाल अर्धवट आहे.

रोजच्या देखरेखीसाठी थेंब मोजा. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २५ अंशांवर ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर. डिटर्जंटने तो अर्ध्यावर येऊ शकतो आणि थेंब लहान पडतात. एकच पिपेट सरळ उभे धरून, सारख्या वेगाने, ५ मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्याचे थेंब मोजा, मग परमिएटचे. तापमान सारखे हवे. कालच्यापेक्षा थेंबांची संख्या वाढली, तर काहीतरी निसटते आहे: सील फाटली असेल, ओ-रिंग सरकली असेल किंवा क्लोरीनने मेम्ब्रेन खाल्ले असेल. एकेका नळकांड्याचे परमिएट वेगळे तपासले की जागा सापडते.

रिजेक्टचे काय

मेम्ब्रेन डिटर्जंट नष्ट करत नाही, एका बाजूला गोळा करते. ते २,५०० लिटर कुठे जाणार, हे आधी ठरवा.

एलएएस हवेशीर जैविक टाकीत चांगले विघटित होते. नीट चालणाऱ्या अॅक्टिव्हेटेड स्लजमध्ये, म्हणजे हवा देऊन जिवाणू वाढवलेल्या टाकीत, ९५ टक्क्यांहून अधिक. हवा नसलेल्या टाकीत ते जवळजवळ तसेच राहते, म्हणून अॅनारोबिक टप्प्यावर भिस्त ठेवू नका. १९५० च्या दशकात वापरात असलेले फांद्यांच्या शेपटीचे अल्किलबेन्झिन सल्फोनेट जिवाणूंना पचत नसे. युरोप-अमेरिकेत नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले, आणि १९६० च्या दशकात उद्योग सरळ शेपटीच्या एलएएसकडे वळला तो यामुळेच. रिजेक्ट जैविक टाकीत सोडताना एकदम ओतू नका, दिवसभर थोडे थोडे सोडा. दाट डिटर्जंटचा धक्का जिवाणूंना बसतो आणि एअरेशनमध्ये फेस उसळतो. रंग आणि मीठ मात्र जैविक टाकीत निघत नाही. बाष्पीभवन यंत्राकडे न्यायचे असेल, तर फेस वाफेबरोबर पुढे जाऊन स्वच्छ पाणी बिघडवतो, म्हणून डिटर्जंट आधी जैविक टप्प्यात उतरवणे शहाणपणाचे. सोलापूरच्या कोरड्या हवेत अस्तर घातलेले सौर बाष्पीभवन वाफे उन्हाळ्यात चांगले चालतात. पावसाळ्याचे चार महिने त्यांच्या भरवशावर राहू नये.

यातून एक स्पष्ट मत आम्ही मांडतो. फक्त सांडपाणी नियमात बसवून सोडायचे असेल, आणि डिटर्जंट एलएएसच असेल, तर मेम्ब्रेनची गरज नाही; चांगली जैविक टाकी ते काम स्वस्तात करते. कापड उद्योगाच्या २०१६ च्या केंद्रीय मानकांत बीओडी लिटरला ३० आणि सीओडी २५० मिलिग्रॅम आहे; पाण्यातील घाणीला किती प्राणवायू लागेल, याची ही दोन मापे. डिटर्जंटचा सीओडीमधला वाटा त्या टाकीतच उतरतो. मेम्ब्रेनचा खर्च निघतो तो पाणी परत वापरल्यावर, आणि सोलापुरात तो निघू शकतो.

बंद ठेवताना

मेम्ब्रेन बंद पडल्यावर बिघडते ते चालताना बिघडण्यापेक्षा जास्त. वीज गेली आणि दाट रिजेक्ट आतच राहिले, तर एका रात्रीत थर बसतो. म्हणून परमिएटची छोटी टाकी उंचावर ठेवा आणि बंद करताना दहा-पंधरा मिनिटे त्याच पाण्याने आतून धुवा. रविवारची सुट्टी असेल तर चोवीस तासांत एकदा पुन्हा धुणे पुरते. दिवाळीची किंवा गड्ड्याची (सिद्धेश्वर यात्रेची) मोठी सुट्टी असेल, तर आधी पूर्ण अल्कली-आम्ल धुणी, मग १ टक्का सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणाने नळकांडी हवा न राहू देता काठोकाठ भरून झडपा बंद. दर आठवड्याला सामू तपासा. ३ च्या खाली गेला की द्रावण बदला. पुन्हा सुरू करताना पहिले तासभराचे परमिएट टाकीत घेऊ नका, गटारात सोडा. त्यातला सल्फाइट पुढच्या बॅचच्या रंगाला बाधतो.